दहा सेकंदांची साक्ष

‘ईसीजी नॉर्मल आला’ हे तीन शब्द कानावर पडले की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पेशंट उठून शर्टाची बटणे लावू लागतो, बायको मनातल्या मनात देवाला हात जोडते आणि मुलगा मोबाइलवर काकाला कळवून टाकतो, ‘काही नाही, गॅसेस होते!’ तालुक्याच्या गावी तीसेक वर्षे फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करताना हे दृश्य मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते खरेही असते; गॅसेसच असतात. पण काही वेळा नसतात, आणि त्या ‘काही वेळां’साठीच हा लेखनप्रपंच.

ईसीजीबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. एका गटाला वाटते, ईसीजी म्हणजे हृदयाचा एक्स-रे. ब्लॉकेज असेल तर दिसणारच, दिसले नाही म्हणजे नाहीच. दुसरा गट हल्ली वाढला आहे. त्याचे म्हणणे, ‘ईसीजीत काय कळतं हो? एकदम अँजिओग्राफीच करून टाका.’ दोन्ही मते सारखीच आडवाटेची आहेत. ती तशी का, हे समजून घ्यायचे तर पाटाच्या पाण्याकडे पाहावे लागेल. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना मी हे असेच समजावून सांगतो.

हृदय हा एक स्नायू आहे. दिवसरात्र आकुंचन-प्रसरण करणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या महाधमनीच्या मुळाशीच फुटतात, उजवी आणि डावी. डावीला थोड्याच अंतरावर दोन मोठे फाटे फुटतात. एक हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरतो, दुसरा वळसा घालून मागे जातो. म्हणजे मुख्य पाट तीन, आणि त्यांच्या पुढे लहान-लहान चाऱ्या. या पाटांत वर्षानुवर्षे चरबीचा गाळ साचत जातो. आता गंमत अशी, की ईसीजी पाटाकडे पाहतच नाही. तो पाहतो पीक! पाण्याअभावी पीक कोमेजू लागले की त्याच्या विजेत फरक पडतो आणि तो फरक कागदावर उमटतो. पाट सत्तर टक्के गाळाने भरला असला, तरी पावसाळ्यात पिकाला पाणी पुरतेच. पेशंट टेबलावर निवांत पडलेला असतो, तेव्हा हृदयाची गरज पावसाळ्यातल्या पिकासारखी असते. म्हणून तिन्ही पाट अरुंद झालेल्या माणसाचाही ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. त्याला चालत्या पट्ट्यावर चालवले, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेला, म्हणजे मुद्दाम उन्हाळा आणला, की मग पीक तक्रार करू लागते. ट्रेडमिल टेस्ट म्हणतात ती हीच.

दुसरा प्रकार याहून घातकी. गाळाच्या थरावरचे पातळ कवच अचानक फाटते, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि पाट काही मिनिटांत बंद होतो. दरड कोसळावी तसा. ही दरड सर्वांत जास्त गाळाच्याच जागी कोसळते असे नाही; अर्ध्या भरलेल्या पाटातही कोसळते. ‘मागच्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट पास झाले होते, मग अॅटॅक आलाच कसा?’ असे नातेवाईक चिडून विचारतात, त्याचे उत्तर यात आहे. आणि दरड कोसळल्यावर मात्र ईसीजीइतका झटपट, स्वस्त आणि बोलका साक्षीदार दुसरा नाही.

आता हा साक्षीदार काम कसा करतो ते थोडक्यात. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा ठिकाणी वायरी लावतात. त्या दहांतून हृदयाकडे पाहण्याच्या बारा खिडक्या तयार होतात. काही खिडक्या पुढच्या भिंतीवर उघडतात, काही खालच्या, काही बाजूच्या. कोणत्या खिडकीतून बिघाड दिसतो यावरून कोणत्या पाटात अडथळा आहे याचा अंदाज बांधता येतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो आणि साधारण दहा सेकंदांची नोंद होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांतले दहा! साक्षीदार खोटे बोलत नाही, पण तो तेवढ्याच वेळापुरता हजर होता, हे विसरून कसे चालेल?

आज सुटकेसमध्ये मावणारे हे यंत्र मुळात केवढे होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात विलेम आइन्थोव्हेन या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते घडवले. अतिशय बारीक तार दोन चुंबकांमध्ये ताणून बसवायची आणि हृदयाच्या विजेने ती किती थरथरते हे फोटोग्राफीने टिपायचे, अशी ती युक्ती. यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात, चालवायला पाच माणसे, आणि पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत! इतके अवजड यंत्र इस्पितळात नेणार कसे? मग १९०५ साली आइन्थोव्हेनने टेलिफोनच्या तारेतून दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातल्या पेशंटचा आलेख प्रयोगशाळेत उतरवून घेतला. आज आमच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर ईसीजीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्याचे हे पणजोबा. आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली तीही त्यानेच. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ब्लॉकेजशी या लाटांचे नाते जोडले अमेरिकेतल्या डॉक्टरांनी. शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१२ साली हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि हा आजार जिवंतपणी ओळखता येतो, हे मांडले. पुढे १९२० साली न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डीने अॅटॅकच्या पेशंटचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात एस आणि टी यांमधली रेघ, जी एरवी सपाट असते, ती उचललेली होती. ही उचललेली एसटी रेघ म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची जणू सहीच ठरली.

तरीही ती सही म्हणजे नक्की काय, यावर साठ वर्षे वाद होता. गुठळीमुळे अॅटॅक येतो, की अॅटॅकनंतर गुठळी होते? १९८० साली डॉ. मार्कस डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अॅटॅक आलेल्या पेशंटची पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी केली. त्या काळी हे धाडसच होते. पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ पैकी ११० जणांची रक्तवाहिनी पूर्ण बंद आढळली. वाद मिटला आणि उपचारांचे दार उघडले. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने जीव वाचतात हे १९८६ साली इटलीतल्या मोठ्या चाचणीने दाखवले. १९८८ साली १७,१८७ पेशंटवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर साध्या ॲस्पिरिनचीही ताकद कळली. दोन्ही औषधे न मिळालेल्या गटात पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने १३.२ टक्के दगावले. दोन्ही मिळालेल्या गटात ८ टक्के. एसटी रेघ उचललेली दिसली की धावपळ करायची, हा नियम त्यातून पक्का झाला. आज जिथे सोय आहे तिथे इंजेक्शनऐवजी थेट अँजिओप्लास्टी करतात, एवढाच फरक.

नियम उत्तम. त्याने असंख्य जीव वाचले. पण नियमाची सवय झाली की डोळे फक्त नियमच शोधतात. रेघ उचललेली आहे ना? मग पळा. नाही? मग बसा, उद्या बघू. प्रत्यक्षात रक्तवाहिनी पूर्ण बंद असूनही रेघ ठरल्या मापाने उचललेली नसते, असे पेशंट थोडेथोडके नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात, ‘रेघ न उचललेला’ अॅटॅक म्हणून दाखल झालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली, आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. म्हणून आता अमेरिकेतले काही डॉक्टर म्हणू लागले आहेत, की रेघेचे मिलिमीटर मोजण्यापेक्षा ‘वाहिनी बंद आहे का’ हा प्रश्न विचारा. मला हे पटते.

अशा पेशंटच्या कागदावर खुणा असतात, फक्त बारीक असतात. हृदयाच्या पाठीमागची भिंत घ्या. तिच्यावर उघडणारी खिडकीच नेहमीच्या बारांत नाही. त्यामुळे मागचा अॅटॅक पुढच्या खिडक्यांत आरशातल्यासारखा उलटा दिसतो. रेघ वर जाण्याऐवजी खाली जाते. पाठीवर, डाव्या खवाट्याखाली तीन वायरी लावल्या की उलगडा होतो. दोन मिनिटांचे काम! दुसरी खूण २००८ साली ॲमस्टरडॅमच्या डॉ. द विंटर यांनी दाखवून दिली. पुढचा मुख्य पाट बंद, पण रेघ खाली दबून वर चढते आणि तिला जोडून उंच, टोकदार टी लाट. तिसरी, जवळजवळ सगळ्या खिडक्यांत रेघ खाली आणि उजव्या हाताकडच्या एकाच खिडकीत वर. छातीत दुखत असताना हे चित्र दिसले तर डाव्या पाटाच्या मुळाशीच किंवा तिन्ही पाटांत गंभीर अडथळा असण्याची शक्यता मनात धरावी लागते.

पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती चौथ्या खुणेची, कारण ती पेशंटचे दुखणे थांबल्यावर दिसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून माझ्याकडे आले. ‘काल संध्याकाळी जरा छाती भरून आली होती, डॉक्टर. घाम आला. अर्धा तास, फार तर. ओवा खाल्ला, बरं वाटलं. आता काहीसुद्धा नाही. हाच बळंच घेऊन आला.’ नाडी, ब्लडप्रेशर, सगळे ठीक. ईसीजी काढला. रेघ कुठेही उचललेली नव्हती. मशीनने वरच्या कोपऱ्यात आपले मत छापले होते, की बदल किरकोळ, अनिश्चित स्वरूपाचा. छातीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीत मात्र टी लाट आधी थोडी वर जाऊन मग खाली बुडी मारत होती. रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी जेमतेम रेषेवर.

ही खूण १९८२ साली हॉलंडमधल्याच मास्ट्रिख्टच्या डॉ. वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केली. अधूनमधून छातीत दुखून दाखल झालेल्या १४५ पेशंटपैकी २६ जणांत त्यांना ती आढळली. त्यांतल्या ज्या १६ जणांची बायपास झाली नाही, त्यांपैकी १२ जणांना पुढच्या काही आठवड्यांत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अॅटॅक आला. अर्थ असा, की दरड कोसळली होती, पाट बंद झाला होता, पण नशिबाने गुठळी आपोआप थोडी सुटली. पाणी पुन्हा वाहू लागले, दुखणे थांबले. दरडीची जागा तशीच आहे, ती पुन्हा केव्हा कोसळेल याचा नेम नाही. पेशंट मात्र हसत असतो! अशा माणसाला ‘बघू या तरी’ म्हणून ट्रेडमिलवर चढवणे म्हणजे त्याच दरडीखाली सुरुंग लावणे.

‘गुरुजी, आज घरी जायचं नाही. इथूनच पुढे जायचं,’ मी म्हणालो. आमच्या गावाहून कॅथलॅब असलेले जवळचे रुग्णालय ७० किलोमीटरवर. गुरुजींना ते पटेना. ‘दुखत नाही तर एवढ्या लांब कशाला? परवा पुतणीचा साखरपुडा आहे.’ मुलगा गप्प. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला ओळखीचा होता. डॉक्टरचे पुढच्या रुग्णालयाशी काही साटेलोटे तर नाही ना? आमच्या व्यवसायातल्या काहींनी हा संशय कमावून ठेवला आहे, त्यामुळे लोकांवर रागावून उपयोग नाही. एवढ्यात एस.टी.ने मागून आलेल्या त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक कागद काढला. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला ईसीजी! रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेला.

दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या दोन खिडक्यांवर बोट ठेवले. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिले. अडतीस वर्षे मुलांचे शुद्धलेखन तपासलेली ती नजर. म्हणाले, ‘इथं वेलांटी होती. आता उकार झालाय.’

मला इतक्या नेमक्या शब्दांत ते कधी सांगता आले नव्हते. जाणे ठरले. खर्चाची चिंता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बरीचशी मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या अँजिओग्राफीत पुढचा मुख्य पाट सुरुवातीलाच ९५ टक्के बंद निघाला. स्टेंट बसवला. साखरपुडा हुकला, पुतणीच्या लग्नात मात्र पंगतीत आग्रह करत फिरत होते. (स्वतः काय जेवले ते मी विचारले नाही.)

त्या दिवशी जुना कागद हाताशी होता म्हणून काम सोपे झाले. जुना कागद नसेल तेव्हा एकच उपाय उरतो, नवा जुना होऊ द्यायचा. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, पुन्हा थांबून तिसरा. छातीत दुखते आहे आणि पहिला कागद स्वच्छ आहे, तर हाच शिरस्ता. कारण गुठळी घडीत बंद, घडीत उघडी असा खेळ करत असते. मशीन तेच, वायरी त्याच, पण अर्ध्या तासात आलेख ओळखू येऊ नये इतका पालटलेला मी अनेकदा पाहिला आहे. या वेळी काही नातेवाईक कुरकुरतात, ‘आत्ताच तर काढला, परत पैसे?’ वाचकहो, या दुसऱ्या ईसीजीसाठी डॉक्टरांशी भांडू नका. उलट छातीत दुखायचे थांबले नसेल आणि तुम्हाला पहिल्याच कागदावर घरी पाठवत असतील, तर ‘थोडं थांबून पुन्हा काढता का?’ असे तुम्हीच विचारा.

सगळाच दोष ईसीजी वाचणाऱ्यांचा नाही. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,९३७ पेशंटची पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. रेघ उचललेल्या अॅटॅकच्या पेशंटना रुग्णालयात पोहोचायला लागलेला वेळ साधारणपणे ३६० मिनिटे होता. सहा तास! ओवा, सोडा, पाठ चोळणे, शेजारच्याची गाडी मिळणे, सकाळ होण्याची वाट पाहणे यांत ते जातात. रुग्णालयाच्या दारात आल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे असे शास्त्र सांगते, पण दार गाठायलाच सहा तास लागले तर शास्त्र काय करणार? तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडून, ईसीजी लगेच पुढे पाठवून, गुठळीचे इंजेक्शन जागीच देण्याची व्यवस्था करून पाहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २,४२० पेशंट होते आणि वर्षभरातल्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यातही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला लहान आरोग्य केंद्रे जोडून अशीच व्यवस्था उभी राहिली.

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. कागदावर वेडेवाकडे काही दिसले म्हणजे ब्लॉकेज असते असे नाही. तरण्याताठ्या, धडधाकट मुलांत एसटी रेघ थोडी वर असणे सर्रास आढळते. जुन्या ब्लडप्रेशरमुळे जाड झालेल्या हृदयातही टी लाट उलटी होते. काही दुखत-खुपत नसताना तपासणीच्या पॅकेजमध्ये ईसीजी निघाला, कोपऱ्यात मशीनने ‘ॲबनॉर्मल’ छापले आणि घरात रडारड, असेही प्रसंग येतात. त्याच पॅकेजमधला ‘नॉर्मल’ कागद खिशात घेऊन पानपट्टीवर सिगारेट पेटवणारे तर याहून जास्त. हल्ली मनगटावरच्या घड्याळातही ईसीजी निघतो. तो एकाच खिडकीचा. ठोक्यांची लय बिघडली असेल तर त्याचा उपयोग होतो. अॅटॅक ओळखण्याचे ते साधन नाही. छातीत कळ येत असताना घड्याळाकडे बघत बसू नका. आणि मधुमेह असलेल्यांनी, वय झालेल्यांनी आणि बायकांनी तर कळेचीही वाट पाहू नये. अचानक आलेला दम, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात ओढल्यासारखे वाटणे, एवढेही पुरे.

राहता राहिला तो जुना कागद. घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा एखादा, बरे असतानाचा ईसीजी जपून ठेवावा, त्यावर तारीख आणि नाव असावे. मात्र हा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. दोन-चार वर्षांत तो पुसट होत जातो, उन्हात ठेवला तर लवकरच. म्हणून त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये सरळ, सावली न पडू देता फोटो घ्यावा आणि तो घरातल्या दोघा-तिघांकडे असू द्यावा. लॅमिनेशन मात्र करू नका. आमच्या एका पेशंटने मोठ्या हौसेने, कायमचा टिकावा म्हणून करून घेतले. लॅमिनेशनच्या गरम रुळांतून कागद बाहेर आला तो तव्यासारखा काळाकुट्ट. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, येणाऱ्यांना दाखवायला.